चौदा दिवसांचा शिक्का

सिंगापूरला जायला व्हिसा लागत नाही, हे मला पहिल्यांदा बापूशेठांनी सांगितलं. आणि त्याच बैठकीत त्यांनी सहलीच्या यादीतून माझं नाव खोडलं.

बापूशेठ म्हणजे आमच्या भांडी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. नाशिकच्या भांडी बाजारात त्यांचं दुकान आजोबांपासूनचं. माझं दुकान त्याच गल्लीत, पण माझ्यापासूनचं. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरायची आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. एका जरीच्या लुगड्यावर पातेलं द्यायचं की नुसती तपेली, यावर ती अर्धा अर्धा तास झगडायची. पुढे मी सायकलला ॲल्युमिनियमची भांडी बांधून घोटीचा बाजार केला, एस.टी.च्या टपावर पोती टाकून कळवणचा केला, आणि मग दुकान घातलं. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळी विद्या ओट्यावरची. समोरचा माणूस काय बोलणार हे त्याच्या ओठांवर यायच्या आत मला कळतं.

मंडळाच्या सहलीला पहिलं नाव मी दिलं होतं. बापूशेठांनी चष्म्यावरून यादी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नामदेवराव, तुम्ही राहू द्या. तिथे व्हिसा लागत नाही, पण विमानतळावरचा साहेब चार प्रश्न विचारतो. तुम्ही त्याच्याशी घासाघीस करत बसाल, आणि तुमच्यापायी आम्हा सगळ्यांना उलट्या पावली परत पाठवतील."

बैठक हसली. मी उठलो. रागाच्या भरात दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून घरी आलो, तेही घरी आल्यावर बायकोने दाखवलं तेव्हा कळलं.

"मंडळाची सहल दिवाळीनंतर आहे," मी तिला म्हटलं. "आपण त्यांच्या आधी जायचं. दोघंच."

शालन, म्हणजे माझी बायको, जुनी मॅट्रिक आहे. ती शांतपणे म्हणाली, "आणि खरंच परत पाठवलं तर?"

"कोण पाठवतो तेच बघतो."

"तसं बघायला गेलात तर नक्की पाठवतील."

भीती मलाही तीच होती. परत पाठवलं असतं तर बापूशेठांचा शब्द खरा ठरला असता, आणि त्या गल्लीत मला मान वर करून बसता आलं नसतं.

मुंबई

तिकिटं काढून देणारा एजंट एका जिन्याखालच्या खोलीत बसायचा. त्याने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "केस कापून घ्या काका. कानावर आलेले केस त्यांना चालत नाहीत." मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच तसं होतं. पुरुषांनी लांब केस ठेवलेले त्या देशाला आवडत नाहीत, हे पुढे तिथल्या पोस्टात लावलेल्या चित्रावरून मीच वाचलं. म्हणजे पाहिलं.

मग त्याने बोटांवर मोजत सांगितलं. व्हिसा लागत नाही याचा अर्थ दार सताड उघडं आहे असा नाही. परतीचं पक्कं तिकीट हवं. राहण्याची जागा आधी ठरलेली हवी, तिचा कागद हातात हवा. तेवढे दिवस पुरतील इतके पैसे दाखवता यायला हवेत. टोचून घेतल्याचं पिवळं पुस्तक हवं. "आणि विचारलं तर सरळ उत्तर द्या. बस, एवढंच."

शालनने सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटचं वाक्यही लिहिलं. मी मात्र त्या वाक्याच्या वेळी त्याच्याशी त्याच्या कमिशनवरून बोलत होतो.

जायच्या दिवशी मी दुकानाला स्वतः कुलपं लावली. सतरा वर्षांत आजारपणाशिवाय दुकान बंद राहिलं नव्हतं. दोन गडी आहेत, चांगले आहेत, पण किल्ल्या मी कुणाला देत नाही. अख्खा जुडगा करगोट्याला अडकवला आणि निघालो. बापूशेठ त्यांच्या ओट्यावरून म्हणाले, "काय, यात्रेला का?" मी म्हटलं, "सिंगापूरला." त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. तेवढ्यानेच अर्धे पैसे वसूल झाले.

उतरल्यावर

विमानाबद्दल लिहीत नाही. बसलो, कान दुखले, उतरलो. सकाळ होती.

विमानतळ पाहून मात्र मी थबकलो. लग्नाचा हॉल असतो तसा, पण त्याच्या शंभरपट, आणि एवढी माणसं असून आवाज नाही. फरशीत तोंड दिसत होतं. माझ्या दुकानातली नवी परात एवढी चकचकीत नसते. कोपऱ्यात झाडं, त्यांच्या पानांवरसुद्धा धूळ नाही. आणि पिवळ्या रेघेच्या मागे लोक आपणहून रांगेत उभे. कुणी दांडकं घेऊन उभा नव्हता तरी.

विमानात एक कार्ड भरायला दिलं होतं. ते शालनने भरलं होतं. त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मी तिला बजावून ठेवलं होतं, "तू मागे उभी राहा. बोलायचं मी."

काचेमागे एक तरुण मुलगी बसली होती. गणवेश कडक इस्त्रीचा. बारीक डोळे, हसणं नाही, पण तोंडावर तुसडेपणाही नाही. तिने पासपोर्ट उघडले आणि विचारलं, किती दिवस राहणार?

आता माझा धंदा समजून घ्या. मला आठ दिवस राहायचं होतं. पण आपल्याला हवा तो आकडा पहिल्या तोंडी बोलायचा नसतो, हे मी आईच्या पाटीशी शिकलो. आठ म्हटलं तर ही चार देणार. महिना म्हटलं तर ती पंधरावर येणार, मग मी थोडा कुरकुरणार, आणि दहाच्या आसपास सौदा बसणार. विमानात मी हाच हिशेब घोकत आलो होतो.

"वन मंथ," मी म्हणालो.

तिने कार्डाकडे पाहिलं. तिकिटाकडे पाहिलं. हॉटेलचा कागद मागितला, तोही पाहिला. मग पुन्हा विचारलं, "वन मंथ?"

मला वाटलं, चला, सौद्याला तयार आहे. मी जरा मान वाकडी केली.

"ट्वेंटी डेज."

तिने पेन खाली ठेवलं. ही गिऱ्हाईक उठून जाण्याची खूण, मी ओळखतो. अशा वेळी आणखी उतरायचं असतं.

"फिफ्टीन," मी टेबलावर बोट आपटलं. "लास्ट!"

मागून शालनने माझा शर्ट ओढला. "अहो, काय करताय? कार्डावर मी आठ लिहिलंय."

"तू बोलू नको!"

माझा आवाज त्या हॉलमध्ये असा घुमला की शेजारच्या दोन रांगा वळून पाहू लागल्या. मुलीने बाजूचं एक बटण दाबलं. एक शिपाई आला आणि अतिशय सौजन्याने, म्हणजे हात न लावता, आम्हाला एका खोलीकडे घेऊन गेला.

खोली

त्या खोलीत चार खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीवर घड्याळ होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मला बापूशेठ दिसले. ओट्यावर बसलेले, हातात पेला, "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणारे.

"झालं ना मनासारखं?" शालन हळूच म्हणाली.

"मी काय चोरी केली?"

"चोरी केली असती तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. आता काय सांगणार?"

थोड्या वेळाने एक वयस्कर अधिकारी आला. काळासावळा, पिकल्या मिशांचा, तमिळ घराण्यातला असावा. इंग्रजी बोलत होता, मध्येच मोडकं हिंदी. त्याने आधी आम्हाला पाणी दिलं. हे मी मुद्दाम लिहितो. पासपोर्टसाठी आपल्याकडच्या कचेरीत मी तीन दिवस उभा होतो, तिथे खुर्ची कुणी दिली नव्हती. इथे ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी पाणी.

तो म्हणाला, तिकीट नवव्या दिवशी परतीचं. हॉटेल आठ रात्रींचं. कार्डावर आठ. तोंडात महिना. मग वीस. मग पंधरा. यातलं खरं कोणतं? इथे काम शोधायला आलात का?

काम! सतरा वर्षं मालक असलेल्या माणसाला तो विचारत होता, काम शोधायला आलात का. माझं डोकं फिरलं. "मेरा दुकान है!" मी ओरडलो. "मालिक! नोकर नहीं!" आणि करगोट्याचा जुडगा सोडून त्याच्या टेबलावर दाणकन आपटला.

तो दचकला. मग त्याने जुडगा उचलला. शटरच्या, गोदामाच्या, गल्ल्याच्या, माळ्याच्या, कपाटांच्या. एकेक किल्ली बाजूला सारून तो पाहू लागला. "ह्या इथे कशाला आणल्यात?" त्याने विचारलं.

 आणि मग शालन पुढे झाली. मी "बोलू नको" म्हणण्याच्या आत तिने सुरुवात केली. मॅट्रिकचं इंग्रजी, सावकाश, एकेक शब्द निवडून. काय बोलली ते तिने मला नंतर मराठीत सांगितलं, ते असं:

"साहेब, यांचा कुणावर विश्वास नाही. दुकानातल्या माणसांवर नाही, सख्ख्या भावावर नाही. म्हणून किल्ल्या कमरेला बांधून समुद्र ओलांडून आलेत. तिकडे दुकान बंद आहे. हा माणूस आठ दिवस कसे काढणार याचीच मला काळजी आहे. तुम्ही महिना दिलात तरी हे राहणार नाहीत."

अधिकाऱ्याच्या मिशा हलल्या. "मग महिना का म्हणाले?"

"आमच्या बाजारात पहिला आकडा नेहमी फुगवून सांगतात. तुम्ही कमी कराल असं यांना वाटलं."

तो माझ्याकडे वळला. "खरं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मूळ भाव विचारला होता आणि लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आठ. एट डेज."

तो हसला. पण बापूशेठांच्या बैठकीसारखा नाही. आपल्या घरातल्या कुणाची आठवण यावी तसा. म्हणाला, त्याचा बाप तिथल्याच सेरंगून रोडवर कापडाच्या गाठी विकायचा, आणि तोही देवळात नवस बोलताना आधी अर्धा नारळ बोलायचा.

मग त्याने दोन्ही पासपोर्टवर शिक्का मारला. शालनने वाचलं. चौदा दिवस.

"मी तर आठच मागितले," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातात जुडगा दिला आणि जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "इथे सगळ्यांना चौदाच. आठ मागा, चौदा मिळतात. महिना मागा, चौदाच मिळतात. तुम्ही खरं बोलता की नाही, एवढंच आम्ही बघतो."

म्हणजे मी ज्या मालाचा भाव करत होतो त्याचा भाव आधीच पाटीवर लिहिलेला होता. दीड तास गेला. बाहेर पडताना त्या मुलीच्या काचेसमोरून गेलो. हॉटेलचा कागद तिच्याकडे राहिला होता, तो तिने उठून आणून दिला. तेव्हाही हसली नाही. पण दोन्ही हातांनी दिला.

शहर

पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्याशी आधी भाडं ठरवायला गेलो. त्याने मीटरवर टकटक केलं आणि गाडी सुरू केली. उतरताना सुट्टे परत मोजून दिले. मी पुन्हा मोजले. बरोबर होते.

बसचं तिकीट मी उतरल्यावर सवयीने टाकलं. मागून एक म्हातारा चिनी माणूस आला, वाकला, ते उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. रागावला नाही. जणू माझी वस्तू पडली होती. मी ते तिकीट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खिशात घेऊन फिरलो. माझी तंबाखूची पुडीही तशीच राहिली, कारण थुंकायचं कुठे? चौथ्या दिवशी ती पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी आल्यावर पुन्हा सुरू झाली, ती गोष्ट वेगळी.

जेवण सेरंगून रोडवर, केळीच्या पानावर. भात, सांबार, तळलेली मासळी. वाढणारा पान रिकामं दिसू देत नव्हता. त्याला पैसे किती विचारलं तर बोट भिंतीकडे. तिथे भाव लिहिलेला. मला भिंती आवडेनाशा झाल्या होत्या. संध्याकाळी एका मोठ्या छपराखाली शंभर गाड्यांचा खाऊबाजार. चिनी, मलाय, तमिळ सगळे एकाच टेबलाला. एकाच्या ताटात डुक्कर, दुसऱ्याच्या ताटात कोंबडी, तिसऱ्याच्या नुसती भाजी, आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. शालन म्हणाली, "आपल्या मंडळाच्या जेवणाला पंगती कशावरून वेगळ्या पडतात, आठवतं?" मला आठवत होतं. माझ्या आईला त्या गल्लीत ओट्याच्या खाली बसून पाणी प्यायला लागायचं.

तिसऱ्या दिवशी मात्र माझं भांडण झालंच. भाजीबाजारात एका दुकानापुढे कांद्याची पोती उघडी होती. लाल, घट्ट मानेचा, चांगल्या साठवणीचा कांदा. मी उचलला आणि ओळखला. पिंपळगावच्या बाजारात असल्या मालाच्या ट्रॉल्या मी लहानपणापासून पाहतोय. पाटीवर लिहिलेलं शालनने वाचलं: बॉम्बे अनियन.

"बॉम्बे?" मी दुकानदाराला म्हटलं. तो तमिळ, पण हिंदी कळत होतं. "बॉम्बे में एक कांदा नहीं उगता! समंदर है उधर! ये नासिक का है!"

"नासिक किधर?"

"बॉम्बे के ऊपर!"

"तो बॉम्बे ही हुआ ना," तो म्हणाला.

मी तिथे दहा मिनिटं उभा राहून जिल्ह्याचा भूगोल सांगितला. शेतकरी आमचा, पाणी आमचं, कांदा साठवायच्या चाळी आमच्या, आणि नाव मुंबईचं. शालन बाजूला भेंडी निवडल्यासारखं करत हसत होती. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सेठ, तुम सच बोलते हो. पर मैं नासिक लिखूँगा तो कौन लेगा? गाहक बॉम्बे माँगता है." मी दुकानदार आहे. गिऱ्हाईक मागेल तेच नाव लावावं लागतं, हे मला कळतं. त्याने कापून दिलेला कांदा खाल्ला. घरचाच होता.

शेजारी परदेशी द्राक्षं होती, एकेक घड कागदात गुंडाळलेला. साल जाड, गोडी बेताची. पण मांडणी अशी की दागिना वाटावा. आपला माल त्यांच्यापेक्षा सरस आहे हे मी तिथे उभं राहून शपथेवर सांगेन. कागदात गुंडाळणं मात्र त्यांच्याकडून शिकावं.

शेवटी माझ्या मनासारखी एक जागा सापडली. बंदराजवळ चेंज ॲली नावाची अरुंद बोळ, आपल्या भांडी बाजाराएवढीच, आणि तिथे भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं. मला माहेरी आल्यासारखं झालं. शालनला तीन घड्यांची छत्री हवी होती. दुकानदार लठ्ठ चिनी, त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही. त्याने कॅल्क्युलेटरवर अठरा दाबलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पुसून सहा दाबलं. त्याने पोटावर हात ठेवून मेल्यासारखं केलं. मी चालायला लागलो. त्याने बाही धरली, पंधरा. मी सात. त्याने आपल्या मुलांचे फोटो काढले. मी माझा किल्ल्यांचा जुडगा दाखवला, का ते मलाही माहीत नाही. तो खदखदून हसला. एक शब्द न बोलता वीस मिनिटं आम्ही भांडलो, आणि नऊवर हात मिळवले. आठ दिवसांत इतका आनंद मला कशाने झाला नाही.

बोळीच्या टोकाला तीच छत्री टांगली होती. बोट केल्यावर त्या माणसाने कॅल्क्युलेटरवर पहिल्या तोंडीच सात दाबलं.

"बोलू का काही?" शालनने विचारलं.

"नको," मी म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळी विमानतळावर पुन्हा काच, पुन्हा गणवेश. ती मुलगी नव्हती, एक मलाय तरुण होता. त्याने तारखा पाहिल्या आणि विचारलं, आठ दिवस? मी म्हटलं, "एट." त्याने शिक्का मारला. एवढं सोपं.

पुन्हा गल्लीत

नाशिकला आल्यावर दुकान उघडलं. धूळ सोडली तर काही गेलं नव्हतं. मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. फरशी सांगितली, म्हातारा सांगितला, कांदा सांगितला. खोली सांगितली नाही. कुणी विचारलं, विमानतळावर काय झालं? मी म्हटलं, "शिक्का मारला, गेलो." बापूशेठ खाली बघत यादी चाळत होते. मला फार बरं वाटलं.

दिवाळी झाली. मंडळाच्या सहलीला चार दिवस उरले असताना बापूशेठ माझ्या दुकानाच्या पायरीवर आले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. हातात तोच यादीचा कागद.

"नामदेवराव, एक विचारायचं होतं. आम्ही पाचच दिवस राहणार. पण काउंटरवर पंधरा-वीस सांगावे म्हणतो. ते कापणारच ना थोडे. तुमचा काय अनुभव?"

 इतका हुशार माणूस, आजोबांपासूनचं दुकान, आणि हिशेब अगदी माझाच. आम्ही सगळे एकाच ओट्यावरचे. त्यांना ती खोली मिळणार होती, आणि मला बोट उचलायचं नव्हतं. माझ्या मनात त्यांच्यासाठी चार खुर्च्या आणि घड्याळ तयार होतं.

"तुमचं तुम्ही बघा बापूशेठ," मी म्हटलं. "तुम्हाला काय शिकवायचं!"

ते मान हलवून पायरी उतरले. मी वळलो तर शालन आत ताटं पुसत होती. तिने वर पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "सतरा माणसं आहेत त्या यादीत. आणि प्रत्येकाची बायको माझ्यासारखी मॅट्रिक नाही."

मी बाहेर आलो. बापूशेठ भर बाजारात, चार दुकानं पुढे गेले होते. माझा आवाज तसा मोठाच आहे.

"बापूशेठ! पाचच सांगा!"

ते थांबले. ओट्याओट्यावरून माना बाहेर आल्या.

"तिकिटावर पाच, तर तोंडात पाच! वाढवून सांगितलं की बाजूच्या खोलीत नेऊन बसवतात!"

ते परत आले. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्हाला अडवलं होतं."

"अडवलं. दीड तास."

"घासाघीस केलीत?"

"केली. महिन्यावरून पंधरावर आलो होतो."

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि हसू गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. मी उभा राहिलो. बापूशेठ हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि पाच लिहिलं.

"आणखी काय काय विचारतात?"

"बसा," मी म्हटलं. शालनने चहा टाकला. मी त्यांना सगळं सांगितलं, तिकीट, जागेचा कागद, पैसे, पिवळं पुस्तक, केस, आणि ती खोलीसुद्धा. जे त्यांना सांगितलं तेच वर लिहिलं आहे. इथून पुढे जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

चहा संपल्यावर ते उठले. तेव्हा मी म्हटलं, "एक राहिलं. तुम्ही माझं नाव सगळ्यांसमोर खोडलंत, ते मला लागलं. अजून लागतं."

एरवी मी याच्या जोडीला आईला आणलं असतं, ओटा आणला असता, दहा वर्षांपूर्वीचं काढलं असतं. त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच सांगितलं.

बापूशेठांनी चपलेत पाय सरकवले.

"खोडलं खरं," ते म्हणाले. "खोडायला नको होतं."

मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलो.